अर्ध्या तासानंतर गेम अडखळतो

चार वर्षांपूर्वी हौसेनं जुळवलेला पीसी. गेम लावला की ६० एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं), अर्ध्या तासात २५. ड्रायव्हर बदलले, विंडोजही नव्यानं टाकली. फरक शून्य. जीव तुटतो हो.

— सुरुवातीला नीट चालतो ना? मग ड्रायव्हर नव्हे, उष्णता. खेळताना सीपीयूचं, म्हणजे प्रोसेसरचं, तापमान बघा. शंभरीजवळ गेलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो.

— ९८ अंश!

— प्रोसेसरवरचा कूलर काढा. दोघांमधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, वाटाण्याएवढी नवी लावा. आणि धूळ काढायला हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.

— कूलरच्या पत्र्यांत धुळीची अक्षरशः गोधडी होती, पेस्टचा खडूसारखा भुगा. आता दोन तास खेळलो: ७४ अंश, ६० एफपीएस. मनापासून आभार!