मॉडेल यूएन: म्यानमारवर भारताची बाजू कशी मांडू?

भुसावळ_शटल: शनिवारी जळगावात मॉडेल यूएन आहे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीची नक्कल, प्रत्येकाला एकेक देश मिळतो. सुरक्षा परिषद, विषय म्यानमारचा फेब्रुवारी २०२१ चा लष्करी उठाव. मला भारत मिळालाय. मित्र म्हणतात लोकशाहीवर भाषण ठोक. पण म्यानमारमधली हिंसा थांबवा म्हणणाऱ्या परिषदेच्या डिसेंबर २०२२ च्या ठराव २६६९ वर भारत तटस्थ होता. मग बोलू काय? आणि ब्लेझर नाहीये, मामेभावाचा चालेल का, बाह्या लांब आहेत.

रावेरकर: तटस्थ म्हणजे मुकाट नव्हे भो. १२ मतं बाजूने, विरोधात एकही नाही. चीन, रशिया आणि आपण तटस्थ. तरी भारताने कारण मांडलंच: दबावाने भूमिका आणखी ताठर होतात, शांतपणे बोलणी हवीत. त्यात १,६४३ किमीची सीमा, मिझोराममध्ये आलेले निर्वासित. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी बांध सोडून भांडता येत नाही. हे पहिल्याच मिनिटात सांग.

अमळनेरी_आत्या: भाषणाने काही होत नाही, खरं काम कॉकसमध्ये, म्हणजे भाषणांच्या मधल्या मोकळ्या चर्चेत. आसियानची (आग्नेय आशियाई देशांची संघटना) म्यानमारवरची एप्रिल २०२१ ची पाच कलमी सहमती घे, हिंसा थांबवा आणि संवाद करा ही कलमं मसुद्यात घाल. कोणी ‘निषेध करते’ लिहिलं तर ‘तीव्र चिंता व्यक्त करते’ सुचव. चीनचा पोरगा व्हेटोची धमकी देईल, त्याला आधीच चहाला ने.

भुसावळ_शटल: चीन आमच्याच होस्टेलचा आहे, मेसमध्येच गाठतो. पण ब्लेझरचं?

रावेरकर: बाह्या आतून दुमडून टाका घाल.