जुन्या छायाचित्रावरील क्रमांक

प्रश्न: सोलापुरातील आमच्या घरी पणजोबांच्या पेटीत एका मंदिराचे तपकिरी छायाचित्र सापडले असून त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'बोर्न' आणि एक क्रमांक आहे. त्याचा अर्थ काय असावा?

उत्तर १: तो बहुधा विक्रीच्या सूचीतील क्रमांक आहे. ब्रिटिश छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न १८६३ मध्ये भारतात आले व १८७० मध्ये परतले. परंतु गिऱ्हाइकाने क्रमांक कळवावा आणि मूळ दृश्य ज्या काचेवर टिपले त्याच काचेवरून (निगेटिव्हवरून) पुन्हा प्रत काढून द्यावी, अशी पद्धत असल्याने ते गेल्यावरही त्यांच्या चित्रांची विक्री चालू राहिली. एकदा टिपलेले दृश्य वर्षानुवर्षे विकता येणे, हेच या व्यवसायाचे खरे भांडवल होते.

उत्तर २: काचेवर शाईने लिहिलेले कागदावर पांढरे उमटते. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला तो कागद उजेडाने फिका पडतो, म्हणून कृपया ते भिंतीवर टांगू नये.