पहिलीच दुर्बीण कॉम्प्युटरवाली? माझं मत: नको

गच्चीवरून_पुणे

ऑफिसातल्या एका ताईंची मुलगी सहावीत आहे. तिला आकाशाचं वेड लागलंय आणि घरचे साठ हजारांपर्यंत खर्च करायला तयार आहेत. दुकानात त्यांना १०२ मिलिमीटरची गोटू दुर्बीण दाखवली. रिमोटवर नाव निवडायचं, मोटार फिरते, नळी आपोआप तिकडे वळते. यादीत म्हणे चाळीस हजार वस्तू. ताई म्हणाल्या, नवशिक्याला याहून सोपं काय असणार? मी त्यांना घेऊ नका म्हणून सांगितलं. दर हिवाळ्यात कुणी ना कुणी हेच विचारतं, म्हणून कारणं इथे मांडतो. पटलं नाही तर जरूर भांडा.

दुर्बिणीचं पहिलं काम प्रकाश गोळा करायचं, आणि तो व्यासाच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतो. १०२ च्या जागी १५० मिलिमीटर घेतलं की प्रकाश दुपटीहून जास्त, २०० घेतलं की जवळपास चौपट. ठरलेल्या रकमेत मोटार, गिअर, सर्किट आणि रिमोट बसवायचे तर आरसा लहानच राहणार. साध्या लाकडी बैठकीवरच्या, हाताने ढकलायच्या डॉबसोनियन (डॉब) दुर्बिणीत तो सगळा पैसा आरशात जातो. उन्हाळ्यात शौरीतला एम १३ हा तारकागुच्छ चार इंचातून (म्हणजे १०२ मिलिमीटर) पाहा, कापसाचा बोळा दिसतो. गावाबाहेर जाऊन आठ इंचातून पाहा, त्याच बोळ्याचे कडेचे तारे सुटे सुटे दिसायला लागतात. हा फरक ज्याने एकदा पाहिलाय त्याला चाळीस हजारांची यादी सांगून उपयोग नाही.

त्या यादीतलं पुण्याच्या गच्चीवरून चार इंचात काही डझनच दिसतं. बाकीच्या वेळी मशीन सांगतं ‘पोचलो’, आणि पोरगी नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) डोळा घालून म्हणते, ‘मला काहीच दिसत नाही.’ तिला वाटतं आपलंच चुकतंय. अशी मुलं मी पाहिली आहेत, ती परत दुर्बिणीपाशी येत नाहीत.

आणि ‘सोपं’ म्हणाल तर ऐका. सुरुवातीला तारीख, वेळ, ठिकाण आणि टाइम झोन भरायचा. बऱ्याच रिमोटमध्ये आधी महिना आणि मग दिवस असतो. आपण सवयीने ५ जानेवारी भरतो, मशीन १ मे समजतं. चार महिन्यांचा फरक, म्हणजे आकाश जवळजवळ एक तृतीयांश फेरा पुढे! वर ‘डेलाइट सेव्हिंग’ चुकून चालू राहिलं तर आणखी एक तासाची चूक. मग तीन तेजस्वी तारे दाखवून अलाइनमेंट, म्हणजे आकाशाशी जुळणी, करायची. जिला व्याध कुठला आणि गुरू कुठला हेच अजून कळत नाही तिने चुकल्यावर चूक शोधायची कशी?

कर्जत_लोकल

दादा, तुमचं गणित बरोबर आहे, पण ते अंधाऱ्या आकाशाचं गणित आहे. मी ठाण्यात राहतो. डिसेंबरातल्या स्वच्छ रात्रीसुद्धा मला काय दिसतं? मृगाचे सात, व्याध, रोहिणी, ब्रह्महृदय, पुनर्वसूचे दोन, आणि यंदा (२०२५) त्यांच्याजवळ गुरू. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत जायला मधले तारे तर दिसायला हवेत! सारथीतले एम ३६, एम ३७, एम ३८ हे तारकागुच्छ माझ्या दुर्बिणीतून शहरातूनही दिसतात, पण डोळ्यांना त्या भागात काळोख्या पिवळ्या धुराशिवाय काही नाही. मी दीड वर्ष साधी दुर्बीण घेऊन चाचपडलो. गोटू आल्यावर एका रात्रीत तिन्ही पाहिले. मला दिसत नव्हतं कारण मी चुकीच्या जागी बघत होतो.

तारखेचं म्हणाल तर ती चूक माणूस एकदाच करतो.

दुसरं, वजन. आठ इंची डॉब म्हणजे चार फुटी नळी आणि बैठक मिळून वीस-पंचवीस किलो. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने बोलावं. माझी चार इंची गोटू सगळं धरून दहा किलोच्या आत. पाठीवर सॅक, हातात ट्रायपॉड, आणि मी लोकलने वांगणीला उतरतो. मोठा आरसा घरी ठेवून छोट्या आरशाने अंधारात पाहिलेलं बरं की नाही?

गच्चीवरून_पुणे

लोकलचा मुद्दा मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण वांगणीला गेलात की मधले तारे दिसतातच ना? मग तिथे मोटार कशाला?

आणि अलाइनमेंटला एकमेकांपासून दूरचे तारे लागतात. शहरात बहुतेकांना फ्लॅटची गॅलरी मिळते, तिथून एकाच बाजूचं आकाश दिसतं. तिथे गोटूची गाडी वारंवार अडते. ‘शहरासाठी गोटू’ असं सरसकट म्हणू नका, ‘शहरातल्या मोकळ्या गच्चीसाठी’ म्हणा.

मास्तर_राजापूर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. चाकरमान्यांनी गणपतीत वर्गणी काढून शाळेला दुर्बीण दिली, तेव्हा डॉब की गोटू यावर आम्ही महिनाभर वाद घातला होता. मी गोटूच्या बाजूने होतो आणि आजही आहे.

आमच्याकडे आकाश काळंभोर आहे, शोधायला मशीन लागत नाही. मशीन लागतं ते धरून ठेवायला. आकाश तासाला १५ अंश सरकतं. १३० पट मोठं करून गुरू पाहिला तर साध्या नेत्रिकेतून तो दीड मिनिटात या कडेपासून त्या कडेला जातो. रांगेत ३८ मुलं. पहिलीतल्या पोराला स्टुलावर चढून डोळा नीट लावायलाच अर्धं मिनिट जातं. डॉब असती तर प्रत्येक मुलानंतर मला वाकून नळी सरकवावी लागली असती, आणि त्या गडबडीत निम्म्यांनी ‘दिसलं सर’ असं मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असतं. मुलं असं सांगतात, हे मास्तरला चांगलं माहीत असतं.

मोटार गुरूला मधोमध धरून ठेवते. मी बाजूला उभा राहून विचारतो, ‘किती ठिपके दिसतात? एका रेषेत आहेत का?’ त्यांनी वहीत काढलेल्या चित्रांत तीन-चार ठिपके रेषेत असले की मला कळतं, यांनी गुरूचे चंद्र खरंच पाहिलेत. दुसऱ्या रात्री ठिपके जागा बदलतात, तेव्हा होणारा गलका ऐकायला या कधीतरी.

गच्चीवरून_पुणे

सर, एखाद्या मुलाचा पाय ट्रायपॉडला लागला की?

मास्तर_राजापूर

लागतो की. मग सगळं पुन्हा जुळवावं लागतं. म्हणून आम्ही ट्रायपॉडभोवती चुन्याने गोल आखतो आणि स्टूल गोलाच्या रेघेवर. आठवीतल्या दोन मुली अलाइनमेंट करतात. तारा मधोमध आणताना शेवटी ‘वर’ आणि ‘उजवीकडे’ याच बटणांनी आणायचा, म्हणजे गिअरमधली ढिलाई निघून जाते, हे त्यांनी मॅन्युअलमधून वाचून मला सांगितलं. अगस्त्याला मशीन ‘कॅनोपस’ म्हणतं, रोहिणीला ‘अल्डेबरान’. त्यांनी भिंतीवर दोन्ही नावांचा तक्ता लावलाय. मशीनमुळे आकाश शिकत नाहीत, असं मला तरी दिसलं नाही.

दूर्वा_नाशिक

मी माझ्या नुकसानीतून सांगते. १३० मिलिमीटरची गोटू घेतली, पहिला हिवाळा मजेत गेला. जूनपासून ढग. आपल्याकडे चार महिने दुर्बीण कपाटातच असते, हे घेताना कुणी सांगत नाही. दसऱ्याला बाहेर काढली तर आत राहिलेल्या आठ पेन्सिल सेलमधून पांढरा-हिरवा चिकट थर बाहेर आलेला, पितळी पट्ट्या खाल्लेल्या. सेल काढून ठेवायला हवे होते, ती माझी चूक. पण पुढचं ऐका. ते माउंट (नळी फिरवणारी बैठक) विजेशिवाय आडवं फिरतच नाही. आरसा लख्ख, नळी उत्तम, आणि मी व्याधाकडेसुद्धा वळवू शकत नाही! ज्यांच्याकडून घेतली ते म्हणाले, सर्किट बदलावं लागेल, बाहेरून मागवू. पाच महिने झाले.

मोटारी बिघडणारच. घेण्याआधी एवढंच विचारा: वीज नसताना हाताने फिरते का? काही माउंटमध्ये तशी सोय असते, हाताने वळवली तरी जुळणी मोडत नाही. सेलच्या भरवशावर राहू नका, १२ व्होल्टची बॅटरी ठेवा. आणि पावसाळ्यात नेत्रिकांच्या डब्यात सिलिका जेल टाका, नाहीतर काचेवर बुरशीचं जाळं धरतं.

निशाचर

एवढ्या खटाटोपापेक्षा स्मार्ट दुर्बीण घ्या. ५० मिलिमीटरची, नेत्रिकाच नाही, फोनवर चित्र येतं. भर शहरातून दहा मिनिटांत मृगातला तेजोमेघ रंगीत. दाखवा कुठल्या डॉबमधून रंग.

गच्चीवरून_पुणे

चित्र सुंदर येतं, मी पाहिलंय. पण त्या मुलीला चित्रंच हवी असती तर ती आत्ताही फोनवर हवी तेवढी आहेत. तिला स्वतःच्या डोळ्याने बघायचंय. त्या तेजोमेघातून, १३४४ प्रकाशवर्षांवरून, थोडं कमीजास्त असेल, पण आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं त्या काळाच्या आगेमागे निघालेला उजेड थेट तिच्या बुबुळात शिरतो. मधे कॅमेरा आला की माझ्यासाठी ते वेगळं काम होतं.

मंगळवेढेकर

डॉब डॉब म्हणून किती कौतुक! पुठ्ठ्याच्या नळीचं स्वस्त खेळणं ते. परवडत नाही त्यांनी घ्यायचं.

गच्चीवरून_पुणे

या एका वाक्याला मी लांब उत्तर देणार आहे. जॉन डॉबसन १९१५ साली पेकिंगमध्ये जन्मला, अमेरिकेत रसायनशास्त्र शिकला, आणि १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत मठात दाखल झाला. हाती पैसा नाही, म्हणून जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून आरसा केला, पुठ्ठ्याची नळी आणि लाकडी खोकं जोडलं. दुर्बीण ओढत रस्त्यावर न्यायचा, मुलांना दाखवायचा. मठाबाहेरची ही भटकंती शेवटी त्याला भोवली आणि १९६७ मध्ये मठ सोडावा लागला. पुढच्या वर्षी त्याने सोबत्यांना घेऊन फुटपाथवरच आकाश दाखवायचा उद्योग मांडला. त्याची रचना जगभर पसरली ती कुणीही सुताराकडून करून घेऊ शकतं म्हणून. दूर्वाताईंच्या बाबतीत जे झालं ते या खोक्याचं होऊच शकत नाही. आपल्या पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत आरसा घासायच्या कार्यशाळा होतात, तिथे शाळकरी मुलांच्या हातून हे आरसे तयार झालेले आहेत. याला खेळणं म्हणू नका.

मंगळवेढेकर

इतिहास माहीत नव्हता. ‘खेळणं’ हा शब्द मागे घेतो. मत तेच आहे. मी सत्तरीकडे चाललोय. नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीला डोळा लावायला मानेची वाकडी कसरत जमत नाही. गोटूमुळे खुर्चीत बसून तास दोन तास बघता येतं. मोटार नसती तर माझा छंद कधीच सुटला असता.

गच्चीवरून_पुणे

काका, तुम्ही गोटूच घ्या. मी पहिल्या दुर्बिणीबद्दल आणि बारा वर्षांच्या मुलीबद्दल बोलतोय.

ईशा_फोंडा

मधला रस्ता कुणी सांगितला नाही. २०२० पासून मोटार नसलेल्या पण फोन बसवायच्या दुर्बिणी आल्या आहेत. पाळण्यात फोन ठेवायचा, त्याचा कॅमेरा छोट्या आरशातून आकाशाचा फोटो काढतो, ताऱ्यांच्या आकृतीवरून नळी कुठे रोखलीय ते ओळखतो आणि पडद्यावर बाण दाखवतो. ढकलायची आपण. तारीख, तीन तारे काही भरायचं नाही. ट्रायपॉडला धक्का लागला तरी तो पुढचा फोटो काढून स्वतःच सावरतो. माझ्याकडे अशीच आहे, मिरामारच्या वाळूत नेऊन वापरते. पडदा मात्र लाल आणि अगदी मंद करा. पांढऱ्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे बिघडले की पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं जातात.

ताई_स्वारगेट

ज्यांच्यावरून हा धागा सुरू झाला ती मीच. सगळं वाचलं. परवा अमावास्येच्या शनिवारी मुलीला घेऊन वांगणीला जाऊन आलो, दोन्ही तऱ्हेच्या दुर्बिणी तिथे होत्या.

गोटूतून तिने गुरू पाहिला आणि जागची हलेना, मागच्यांना थांबावं लागलं. शनी पाहून जरा खट्टू झाली, कडी यंदा जवळजवळ आडवी आहे, काडी खुपसल्यासारखी. मग एका काकांनी डॉब तिच्या हातात दिली आणि सांगितलं, मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या खाली तेजोमेघ शोध. दहा-बारा मिनिटं ती एकटीच नळी हलवत होती. मी मदत करायला गेले तर ‘आई, हात नको लावूस’ म्हणाली. सापडल्यावर मला बोलावलं. राखाडी ढग, आणि मधे चार बारीक ठिपके. रात्री दोनला दव पडायला लागलं तेव्हा गोटूच्या पुढच्या काचेवर वाफ धरली, डॉब चालू होती.

तिने सहा इंची डॉब म्हटलंय. फोनचा पाळणा नंतर बघू. अडचण एकच, आमची लिफ्ट तिसऱ्या मजल्यापर्यंत आणि गच्ची पाचव्याच्या वर. तिला एकटीला नेता येईल का?

गच्चीवरून_पुणे

नळी आणि बैठक वेगवेगळी होते, दोन फेऱ्यांत जमावं. नळी तिला पेलेल, बैठक बहुतेक तुम्हाला उचलावी लागेल. माझी सहा इंचीच आहे. रविवारी संध्याकाळी घेऊन येतो. तिलाच जिना चढू दे, मग ठरवा. १० जानेवारी २०२६ ला गुरू प्रतियुतीत, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर, आहे, तोपर्यंत हातात असली तर बरं.

मास्तर_राजापूर

वही आणि पेन्सिल विसरू नका. गुरूचे ठिपके रोज काढायला लावा.