मदत हवी आहे : गणपतीपुळे ते रत्नागिरी किनाऱ्याने एका दिवसात चालत जाण्याविषयी

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. गणपतीपुळ्याहून निघून भंडारपुळे, नेवरे, आरे-वारे, काळबादेवी अशा क्रमाने किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीपर्यंत एका दिवसात चालत जाण्याचा आमचा विचार आहे. गेल्या वर्षी आम्ही हाच प्रयत्न केला होता. आरे आणि वारे यांच्यामध्ये समुद्रात शिरलेल्या डोंगराच्या नाकापाशी आम्ही अडकलो आणि निम्म्या वाटेवरून परत फिरावे लागले. या नाकाला खालून, खडकांवरून वळसा घालता येतो का, आणि येत असेल तर नेमका कोणत्या बाजूने, एवढेच मला विचारायचे आहे. खोल्यांचे पैसे भरायला उद्या संध्याकाळपर्यंतचीच मुदत असल्यामुळे, ज्यांनी ही वाट स्वतः चालून पाहिली आहे त्यांनी कृपया लवकर उत्तर द्यावे. दुसऱ्या ठिकाणांची नावे सुचवू नयेत, ही विनंती.

सह्यवाट (सातारा)

ताई, आपण विनंती केली आहे, तरीही लिहितो. साताऱ्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट आणि चिपळूण या मार्गाने आम्ही दर वर्षी गुहागरला जातो. तिथे गावाला लागूनच काही किलोमीटर लांबीचा सलग वाळूचा किनारा आहे, मध्ये नाक नाही आणि खडकही नाहीत. मार्चमध्ये समुद्री कासवांची पिल्ले पाण्यात सोडतात, तेही पाहायला मिळते. मुले बरोबर असतील तर माझ्या मते गुहागरच योग्य आहे.

जांभ्याचा_सडा (रत्नागिरी)

प्रश्न गुहागरचा नाही. कृष्णाकाठ, आपण सर्व काही लिहिले, पण गेल्या वर्षी कोणत्या दिवशी गेला होता आणि त्या नाकापाशी किती वाजता पोहोचला होता, हे लिहिले नाही. ते कळल्याशिवाय कोणीही उत्तर दिले तरी तो अंदाजच ठरेल. या वर्षी कोणत्या तारखेला जाणार आहात, तेही सांगावे.

कृष्णाकाठ

तारखेचा काय संबंध, हे माझ्या लक्षात आले नाही. खडक तिथेच आहेत आणि डोंगरही तिथेच आहे. तरीही सांगते. गेल्या वर्षी आम्ही धुळवडीच्या दिवशी गेलो होतो. दर्शन आणि न्याहारी उरकून साडेआठला निघालो आणि साडेअकराच्या सुमारास नाकापाशी पोहोचलो. तेव्हा खडकांवर लाटा आपटत होत्या आणि वाळूची पट्टी उरलीच नव्हती. या वर्षी धुळवडीला सोमवार आला आहे, त्यामुळे रविवारी संध्याकाळी पोहोचून सोमवारी चालायचे ठरले आहे.

जांभ्याचा_सडा

आपण अडकलात त्याचे कारण याच उत्तरात आहे. आमच्याकडे जुनी माणसे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या अंकाला तीनने गुणायचे आणि चारने भागायचे, म्हणजे भरतीचा तास मिळतो. दोन भरत्यांमध्ये सुमारे साडेबारा तासांचे अंतर असते आणि भरती-ओहोटीच्या मध्ये सव्वासहा तासांचे. चंद्रामुळे ही वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जुळतो. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चालावे.

धुळवड म्हणजे वद्य प्रतिपदा. एकाची पाऊणपट केली की पाऊण येतो, म्हणजे रात्री आणि दुपारीही साडेबारा-एकच्या आसपास भरती पूर्ण भरते. त्यातही पौर्णिमा नुकतीच झालेली असल्यामुळे ती उधाणाची भरती असते आणि पाणी नेहमीपेक्षा वर चढते. आपण साडेअकराला पोहोचलात तेव्हा समुद्र चढत होता. या वर्षी त्याच तिथीला त्याच वेळी निघालात, तर त्याच खडकापाशी पुन्हा थांबाल. खोल्यांचे पैसे भरण्यापूर्वी दिवस बदलावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मिरजेचे_काका

पंचांगावरून भरती काढण्याची पद्धत मी प्रथमच वाचली आणि ती फार आवडली. परंतु आता मोबाइलवर प्रत्येक बंदराची वेळ मिळते, तेव्हा हिशेब कशाला करायचा? जाण्याचा मार्ग मात्र मी सांगू शकतो. कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा असे जावे. घाटात धुके असेल तर पहाटे घाई करू नये. दाभोळे सोडल्यावर चहासाठी थांबावे.

जांभ्याचा_सडा

काका, मोबाइल जरूर पाहावा. भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी बंदरांची भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो, तीही पाहावीत. रत्नागिरीचीच वेळ पाहावी, मुंबईची नव्हे, कारण दोन्हींत फरक असतो. पण जिथे रेंज जाते तिथे तोंडी हिशेबच उपयोगी पडतो, आणि सहलीचा दिवस ठरवताना तिथीवरून एका नजरेत अंदाज येतो.

सह्यवाट

मग अष्टमी सर्वांत उत्तम ठरते. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराला पूर्ण ओहोटी. नेमके दुपारी नाक ओलांडता येईल. ताई, आपण अष्टमीला जावे.

जांभ्याचा_सडा

इथेच गफलत होते. अष्टमीला समुद्राला भांग असते. त्या दिवसांत भरती जशी कमी चढते, तशीच ओहोटीही कमी उतरते. बाराला ओहोटी असली तरी खडकांचा जो भाग पौर्णिमेच्या ओहोटीला उघडा पडतो, तो त्या दिवशी पाण्याखालीच राहू शकतो. शिवाय मार्चअखेरीस दुपारी बारा ही किनाऱ्यावर चालण्याची वेळच नव्हे.

मी सुचवेन ती पंचमी किंवा षष्ठी. षष्ठीचा हिशेब साडेचारचा येतो, म्हणजे दुपारी चार-साडेचारला भरती आणि सकाळी दहाच्या आसपास ओहोटी. उधाण ओसरलेले असते आणि भांग अजून पूर्ण लागलेली नसते. सकाळी साडेसहाला गणपतीपुळे सोडले, तर मऊ वाळूत रमतगमत चालूनही साडेनऊ-दहाला आपण नाकापाशी असाल.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. खालून वळसा घालू नये. ओहोटीलाही नाही. खडकांवर हिरवे शेवाळ असते आणि कालवांच्या शिंपल्यांची धार पात्यासारखी असते. माझ्या हातावर अंगठ्यापासून मनगटापर्यंत गेलेली एक खूण आहे. मी तोल सावरायला खडकावर हात टेकला होता, इतकेच झाले होते. वरून रस्ता जातो. त्या रस्त्याने चढावे, वर थांबून दोन्ही बाजूंचे किनारे डोळे भरून पाहावेत आणि पलीकडे उतरावे. या वाटेवरचे सर्वांत सुंदर दृश्य तिथेच आहे आणि खालून जाणारा त्यालाच मुकतो.

कृष्णाकाठ

रस्त्याने जायचे असते तर मी विचारलेच नसते. आम्हाला किनारा सोडायचा नाही. आम्ही दर महिन्याला दंडोबाचा डोंगर चढतो, त्यामुळे चालण्याची आणि उन्हाची सवय आहे.

रुग्णसेविका_मिरज

दंडोबाची सवय इथे पुरी पडेलच असे नाही. आपल्याकडचे ऊन कोरडे असते, घाम येतो आणि वाळतो, आणि वाळतानाच तो अंग थंड करतो. कोकणात हवेत इतका ओलावा असतो की घाम वाळतच नाही. तो नुसता गळत राहतो, अंगातले पाणी आणि मीठ जाते, पण शरीर थंड होत नाही. म्हणूनच हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार सपाट प्रदेशात 40 अंशांपासून करते, पण किनाऱ्यावर 37 अंशांपासूनच करते. मार्चमध्ये कधी कधी जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो आणि समुद्राचा गार वारा उशिरा सुरू होतो. अशा दिवशी किनाऱ्यावरही पारा फार वर जातो. आदल्या दिवशीचा अंदाज पाहूनच निघावे.

आपल्याबरोबर कोण कोण आहे, हे आपण अजून लिहिलेले नाही. सर्वांची वये आणि कोणाला काही औषधे चालू आहेत का, हे सांगाल का?

कृष्णाकाठ

आम्ही सहा जण आहोत. मी, माझे पती, आमचा तेरा वर्षांचा मुलगा, दोन मैत्रिणी आणि माझे वडील. वडिलांचे वय 67 आहे. ते रोज पहाटे आमराईत एक तास चालतात आणि आमच्यापेक्षा त्यांचीच चाल चांगली आहे. त्यांना रक्तदाबाची एक गोळी चालू आहे.

रुग्णसेविका_मिरज

हे पहिल्याच संदेशात यायला हवे होते. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे शरीरातील पाणी आणि क्षार बाहेर काढतात. आपल्या वडिलांची गोळी तशी आहे का, आणि त्या दिवशी ती कशी घ्यावी, हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावे. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. प्रत्येकाजवळ किमान तीन लिटर पाणी आणि साखर-मिठाची पुडी असावी. डोके दुखू लागले, मळमळले किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला, तर सावली, ओला पंचा आणि वाहन, याच क्रमाने हालचाल करावी. पुढच्या गावापर्यंत चालत नेऊ नये.

मिरजेचे_काका

पाण्याबरोबर कोकम सरबत न्यावे. तसेच बूट घालू नयेत, वाळू आत जाऊन फोड येतात. मी आयुष्यभर किनाऱ्यावर अनवाणीच चाललो आहे.

सह्यवाट

काका, अनवाणी 25 किलोमीटर चालणे आणि संध्याकाळी अर्धा तास फिरणे यांत फरक आहे. दहानंतर कोरडी वाळू तव्यासारखी तापते. जाड तळाच्या, टाचेला पट्टा असलेल्या सँडल घालाव्यात. एक गोष्ट अनुभवावरून सांगतो. किनारा पाण्याकडे उतरता असतो आणि दक्षिणेकडे जाताना समुद्र सतत उजव्या हाताला राहतो, त्यामुळे उजवा पाय तासन्‌तास खालच्या पातळीवर पडतो आणि घोटा व गुडघा धरतो. भरतीच्या रेषेखालची ओलसर, घट्ट आणि त्यातल्या त्यात सपाट वाळू शोधून चालावे. हे आम्हाला गुहागरला तिसऱ्या फेरीत कळले.

जांभ्याचा_सडा

या मुद्द्यावर मी सह्यवाटांशी पूर्ण सहमत आहे. आणि वडील आहेत म्हटल्यावर आणखी एक गोष्ट. संपूर्ण वाट चाललीच पाहिजे असा हट्ट धरू नये. अकरापर्यंत जितके होईल तितके चालावे, चार तास सुरूच्या किंवा माडाच्या सावलीत काढावेत आणि चारनंतर उरलेले चालावे. खाडी आली की पुलावरूनच ओलांडावी, साखरतरला तर पूल आहेच. पाणी गुडघाभर दिसले तरी खाडीच्या मुखातून पाय घालू नये, ओढ वरून दिसत नाही. गणपतीपुळ्याच्या समुद्रातही पोहायला उतरू नये. तिथे दर काही महिन्यांनी जीव जातात, आणि त्यांत घाटावरून आलेली, पोहणे येणारी माणसेही असतात.

शिमग्याच्या दिवसांत गावोगावी पालख्या घरोघरी फिरत असतात. रिक्षा सहज मिळेल असे समजू नये, परतीचे वाहन आधीच ठरवून ठेवावे. एस.टी.ने गणपतीपुळ्याला परतायचे झाल्यास गाडी आरे-वारेवरून जाते की निवळीवरून, हे चढण्यापूर्वी विचारावे.

कृष्णाकाठ

काल मी उतावीळपणे लिहिले, त्याबद्दल सर्वांची क्षमा मागते. वडिलांना हा धागा वाचून दाखवला. त्यांनी लगेच भिंतीवरचे कॅलेंडर काढले, बोटांवर पाऊणपट मोजली आणि म्हणाले, रंगपंचमी शनिवारी आहे आणि रविवारी षष्ठी. धुळवडीच्या खोल्या रद्द केल्या आणि शनिवारच्या घेतल्या. डॉक्टरांशी बोलणेही झाले आहे. नाक वरूनच ओलांडू.

कृष्णाकाठ (बारा दिवसांनी)

षष्ठीला जाऊन आलो. साडेसहाला निघालो तेव्हा वाळू गार होती आणि खेकड्यांनी बिळांभोवती मांडलेल्या गोळ्यांची नक्षी कोणाच्याही पायाने मोडलेली नव्हती. दहाला दहा कमी असताना आम्ही नाकावर, रस्त्याच्या वळणावर उभे होतो. गेल्या वर्षी जिथे लाटा आपटत होत्या तिथे काळे खडक दूरवर उघडे पडले होते आणि दोन बायका उकिडव्या बसून कालवे फोडत होत्या. अवजाराचा एक ठोका, टवका उडायचा आणि आतला मऊ गर त्या डब्यात टाकायच्या. वरपर्यंत तो टकटक आवाज येत होता. मुलगा पंधरा मिनिटे तिथून हलला नाही.

रत्नागिरीपर्यंत पोहोचलो नाही. काळबादेवीला वडिलांनी स्वतःहून सांगितले की आता पुरे, आणि खरे तर माझाही उजवा गुडघा बोलू लागला होता. तिथूनच ठरवलेले वाहन बोलावले. आंबा घाट रात्री दहाला चढलो.

उरलेला टप्पा, म्हणजे काळबादेवी ते रत्नागिरीजवळचे मिऱ्या, आम्हाला मार्गशीर्षात करायचा आहे. साखरतरच्या पुलानंतर किनाऱ्याला परत कुठून उतरावे, हे जांभ्याचा_सडा यांनी सवडीने सांगावे. या वेळी तिथी आधीच लिहिते : वद्य पंचमी, सहा जण, वडील बरोबर.