पद्मिनीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवल्यापासून गाडी लवकर पकडत नाही

कोथरूडची_पद्मिनी:
नमस्कार मंडळी. वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे, ८९ची. गेल्या महिन्यात इंजिन बे रंगवून घेतला आणि त्याच वेळी सीबी पॉइंट (ठिणगीसाठी कॉइलचा करंट तोडणारे जुने संपर्क) काढून बाहेरचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट टाकलं, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) जुनीच आहे. चालताना गाडी एकदम मस्त, पिकअप वाढलाय, ट्रॅफिकमध्ये झटके नाहीत. पण सकाळी स्टार्ट करायला ८-१० सेकंद सेल्फ मारावा लागतो, पूर्वी चोक ओढला की दुसऱ्या फेरीला पकडायची. सेल्फ नीट फिरतो, पेट्रोल येतंय, प्लग नवे. गंमत म्हणजे कधीकधी मी कंटाळून चावी सोडतो आणि नेमकी त्याच क्षणी ती चालू होते. गॅरेजवाला म्हणतो किट बाद आहे, बदला. वडील रोज सकाळी खिडकीतून बघत असतात, फार जिवाला लागतं. काय करू?

नाना_पेठ_स्पेअर्स:
बॅटरी किती जुनी आहे? आधी ती चार्ज करून बघा. आणि टायमिंग लाइट लावून टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते, बघा, पॉइंट काढून सेन्सर बसवला की ते सरकतंच. ॲडव्हान्स जास्त असेल, म्हणजे ठिणगी फार लवकर पडत असेल, तर सेल्फला उलटा धक्का बसतो.

वायरमन_काका:
टायमिंग बघाच, पण सेल्फ नीट फिरतोय म्हणताय म्हणजे धक्का बसत नाहीये. तुम्ही खरी गोष्ट शेवटी लिहिलीत, चावी सोडताना पकडते ती. म्हणजे सेल्फ चालू असेपर्यंत मोड्यूलला (किटच्या इलेक्ट्रॉनिक भागाला) पुरेसं व्होल्टेज मिळत नाही, सेल्फ सुटला की व्होल्टेज वर येतं, इंजिन अजून फिरतच असतं आणि तेवढ्यात एक ठिणगी पडते. पॉइंट कमी व्होल्टवर पण कशीबशी ठिणगी देतात, मोड्यूल तसं करत नाही, बऱ्याच किटना ८-९ व्होल्टच्या खाली गेलं की ती गप्पच बसतात. किट बदलू नका आत्ता.
मल्टिमीटर घ्या, कॉइलची मधली एचटी (हाय टेन्शन) वायर काढून अर्थला लावा म्हणजे गाडी चालू होणार नाही, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आधी बॅटरीच्या लगांवर (टर्मिनलांवर) व्होल्ट बघा, मग मोड्यूलची लाल वायर ते इंजिन ब्लॉक, आणि शेवटी बॅटरीचं निगेटिव्ह ते ब्लॉक, हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. कॉइलच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी करणारा) असेल तर लाल वायर त्याच्या बॅटरीकडच्या बाजूला घ्यायची. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) आत प्लेटला बारीक अर्थची वायर असते, पॉइंट काढताना ती बऱ्याचदा परत जोडायची राहून जाते, तीपण बघा.

कोथरूडची_पद्मिनी:
काका, मोजलं. लगांवर १०.४, लाल वायरला ७.२, निगेटिव्ह ते ब्लॉक ०.९. प्लेटची वायर आहे जागेवर.

वायरमन_काका:
मग सापडलं. बॅटरी ठीक आहे, वाटेत व्होल्ट खाल्ले जातायत, थोडे जुन्या चावीच्या स्विचमध्ये आणि थोडे अर्थिंगमध्ये. बॉडी रंगवलीत ना, अर्थ पट्टीच्या बोल्टखाली रंग गेला असणार. ती उघडा, पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासा. आणि एक साधा रिले (चावीच्या छोट्या करंटवर चालणारा स्विच) लावा, त्याच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीहून १० अँपिअरच्या फ्यूजमधून, ८७ कॉइलला आणि मोड्यूलला, ८६ला चावीकडची जुनी वायर, ८५ अर्थ. मात्र ती जुनी वायर सेल्फ मारतानाही चालू राहते ना ते बघा, नाहीतर रिलेच सुटेल. एक सांगतो, इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून गप्पा मारत बसू नका, कॉइल आणि मोड्यूल दोन्ही तापतात.

कोथरूडची_पद्मिनी:
रविवारी केलं. पट्टीखाली खरंच निळ्या रंगाचा जाड थर होता आणि तिच्या तारा हिरव्या पडलेल्या, नवीनच टाकली. रिले लावला. आता लाल वायरला सेल्फ मारताना ९.९ येतात. आज सकाळी थंड इंजिन, चोक ओढला, चावी ऑन केली, रिलेचा टक आवाज आला आणि दुसऱ्या फेरीला पकडली, वडील खाली उतरून बॉनेटपाशी येऊन उभे राहिले. काका, मनापासून आभार. जुने पॉइंट आणि कंडेन्सर पिशवीत घालून डिकीत ठेवलेत. प्लगचा गॅप वाढवू का आता?

वायरमन_काका:
कॉइल जुनीच आहे, गॅप आहे तोच राहू द्या. टायमिंग मात्र या आठवड्यात लाइट लावून बघून घ्या, ते अजून राहिलंय.