ग्रुपवर ड्रॉइंगचा फोटो नको
एकानं लिहिलंय, 'कामाला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरतो.' निरोपाला पुरतो हो, पार्टची मापं दाखवणाऱ्या ड्रॉइंगला नाही. आमचं बेळगावात उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे. मागे सेकंड शिफ्टला ग्रुपवर ड्रॉइंगचा फोटो आला. अ‍ॅप फोटोची साइझ कमी करून पाठवतं, त्यात टॉलरन्सचा, म्हणजे मापात किती फरक चालेल त्याचा, आकडा पुसट. ऑपरेटरनं ०.०३ चं ०.०८ वाचलं, ४० बुश (पोकळ गोल पार्ट) भंगारात! तेव्हापासून ड्रॉइंग 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवायचं, नावात रिव्हिजन नंबर (ड्रॉइंगची कितवी सुधारणा ते) घालून. पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत एडिट करता येतो, पण ज्यानं आधीच वाचलाय त्याच्या बदल लक्षात येईलच असं नाही, म्हणून माप बदललं की नवाच मेसेज टाकायचा. सुपरवायझर कानडीत लिहितात, आमच्या निम्म्या पोरांना ती लिपी वाचता येत नाही. पण व्हॉइस नोट सगळ्यांना कळते. स्टोअरवाल्या काकांची 'शुभ प्रभात'ची फुलं मात्र अजून कुणाला आवरलेली नाहीत.