जोडीने अपूर्णांक शिकवताना
अपूर्णांक शिकवताना विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या, की जोडीतला एकच विद्यार्थी सगळे सोडवतो आणि दुसरा नुसता पाहत बसतो, ही अडचण खरी आहे. मात्र दोष जोडीचा नसून कामाच्या वाटणीचा आहे, असे मला वाटते. समान लांबीच्या दोन कागदी पट्ट्या देऊन एकाने घड्या घालून ४ आणि दुसऱ्याने ८ समान भाग करावेत, आणि मग पट्ट्या एकाखाली एक धरल्याशिवाय सुटणारच नाही असा प्रश्न विचारावा: ३/४ च्या घडीखाली जोडीदाराची कितवी घडी येते? सहावी, म्हणजे ६/८, हे उत्तर दोघांनाही एकदमच दिसते. छेद मोठा म्हणजे अपूर्णांक मोठा, हा चिवट गैरसमजही १/४ आणि १/८ शेजारी ठेवताच डळमळतो. (घड्या घालून तीन समान भाग करणे मात्र लहान हातांना सहसा जमत नाही, तिथे आखलेली पट्टीच द्यावी.)